दंड रुपये पाच

निर्लेखनाची यादी मी उन्हाळ्यात करायला घेते. मे महिन्यात आमच्याकडे दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही, पुस्तक बदलायला कोण येणार? यादीत दाखल क्रमांक, नाव, किंमत आणि शेवटच्या रकान्यात कारण लिहायचं: जीर्ण, गहाळ किंवा कालबाह्य. कार्यकारिणीनं ठराव केला की ती पुस्तकं दफ्तरातून कमी होतात. ग्रंथपाल पुस्तकं सांभाळतो असा लोकांचा समज आहे. आमचा निम्मा वेळ ती का कमी केली याचे कागद सांभाळण्यात जातो.

आमचं वाचनालय सातपुड्याच्या पायथ्याशी, शहादा-तळोदा पट्ट्यातल्या एका गावात आहे. ‘ब’ वर्ग. अनुदानाचा हप्ता येतो तेव्हा येतो. अभ्यासिका पोलीस भरतीच्या नि तलाठी परीक्षेच्या मुलांनी भरलेली असते, आणि त्यातलं एकही पोर कपाटाकडे वळून बघत नाही. याबद्दल मी पूर्वी चिडायचे. आता पंखे चालू आहेत ना एवढंच बघते.

माझा स्वतःचा म्हणावा असा उद्योग एकच. माहितीच्या आणि छंदांच्या पुस्तकांना मागच्या पुठ्ठ्याच्या आत मी एक रेघांचा कागद चिकटवते, वाचकांनी अभिप्राय लिहावा म्हणून. वाचनालयाची अधिकृत अभिप्राय वही वेगळी. तिच्यात पाहुणे एकही कपाट न उघडता ‘ग्रंथसंपदा समृद्ध, स्वच्छता वाखाणण्याजोगी’ असं लिहून चहा पिऊन जातात. कादंबऱ्यांना मी कागद लावून पाहिला. ‘छान’, ‘खूप छान’, ‘शेवट पटला नाही’ यापुढे गाडी गेली नाही. पाककृतीच्या पुस्तकावर लिहिणाऱ्या बाईचा मात्र हात पोळलेला असतो, तिला सांगायला पुष्कळ असतं.

आमच्या 641.5 मध्ये, म्हणजे पाककृतींच्या कपाटात, एक पुस्तक आहे, त्यात खान्देशी भरीत गॅसवर भाजायला सांगितलंय आणि वर टोमॅटो. त्याखाली कुणीतरी लिहिलं, ‘लेखिकेला एकदा जळगावला पाठवा, बामणोदची हिरवी वांगी दाखवा, कपाशीच्या काड्यांवर भाजून खाऊ घाला.’ त्याखाली दुसरं अक्षर: ‘मी सुरतला उधन्यात राहते. तिसऱ्या मजल्यावर काड्या कुठून आणू? गॅसवर केलं, वाईट झालं नाही. टोमॅटो घातला नाही.’ या दोघींची कधी गाठ पडलेली नसणार.

मधमाशीपालनाच्या पुस्तकावर एकानं लिहिलंय की हे सगळं महाबळेश्वरच्या हवेचं आहे. आमच्याकडे पारा 44 वर गेला की पेटीतलं मेण मऊ पडतं, भरलेली पोळी चौकटीतून खाली येतात. सावली आणि पाणी हा विषय पुस्तकानं एका ओळीत उरकलाय. पपईच्या पुस्तकावर: ‘विषाणूचं झाड उपटून जाळा असं लिहिलंय. बरोबर आहे. पण मावा शेजारच्या वावरातून येतो, शेजारी उपटत नाही, त्याचं काय करायचं ते लिहा.’ वार्षिक राशिभविष्यावर कुणी काही लिहीत नाही. जानेवारीत नेतात, डिसेंबरात निमूटपणे परत करतात.

माझा सगळ्यात लाडका कागद बुद्धिबळाच्या एका जुन्या पुस्तकाला आहे. ते जुन्या लेखनपद्धतीतलं, ‘पी-के 4’ वगैरे. त्या पद्धतीत पटावरच्या एकाच घराला दोन नावं असतात, पांढऱ्याकडून मोजलं तर एक आणि काळ्याकडून मोजलं तर दुसरं. फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेनं 1981 पासून फक्त नवी पद्धत मान्य केली, ‘ई 4’ वाली. आताची मुलं जुनं पुस्तक उघडून तसंच मिटतात. एसटीतून निवृत्त झालेल्या एका कंडक्टर काकांनी ते घरी नेलं आणि परत आणलं तेव्हा मागच्या कागदावर चौसष्ट घरांचा तक्ता होता, प्रत्येक घरात तीन नावं, तिकिटाच्या हिशेबाला शोभेल अशा बारीक अक्षरात. त्याखाली अभिप्राय फक्त एवढाच: ‘खेळ तोच आहे.’ हे पुस्तक दरवर्षी कुणीतरी निर्लेखनात सुचवतं आणि दरवर्षी मी ते दुसऱ्या कपाटात नेऊन ठेवते.

तर त्या दिवशी यादीवर सही करायला समिती बसली होती. अध्यक्ष नाना, कोषाध्यक्ष आबा आणि विज्ञानाचे निवृत्त शिक्षक, ज्यांना सगळं गाव नुसतं ‘सर’ म्हणतं. नानांचं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे. आबा किमतींची बेरीज तपासत होते. पुस्तकं विकत घेताना ‘सवलत किती?’ एवढं एकच विचारणारा माणूस, पण रद्दीत काढताना त्यांचा जीव तुटतो. सर मात्र एकेक पुस्तक खरंच उघडून बघतात. त्यांचा मला त्रास होतो आणि त्यांच्याशिवाय करमतही नाही.

शिपाईकाका गठ्ठे उचलून देत होते. टेबल सरकवायला अभ्यासिकेतला एक मुलगा बोलावला होता, धडगावकडचा, भरतीची तयारी करणारा. काकांनी खिळखिळं झालेलं एक पुस्तक धरलं, “ताई, हाई बी फेकानं शे का?”

पाठीवर 598, म्हणजे पक्षी. मुखपृष्ठ नाही, कागद पिवळा. त्याच्यापुढे मी ‘जीर्ण व कालबाह्य’ लिहिलेलं होतं. सरांनी ते उघडलं, पानं उलटली आणि एका पानावर थांबले. “इथे कुणीतरी भांडलंय,” म्हणाले.

पान रानपिंगळ्याचं होतं, म्हणजे एका लहान घुबडाचं. छापील मजकुरात हा पक्षी बहुधा नामशेष झाला आहे आणि शेवटचा नमुना 1914 साली तापीकाठी मांडवीला मिळाला, असं होतं. समासात निळ्या बॉलपेननं लिहिलेलं: ‘चूक. आमच्याकडे आहे. डोकं कोरं, ठिपके नाहीत. भर उन्हात सागावर बसतो. शेपटी डावी-उजवी झटकतो. 11/2/95.’

मी खुर्चीवरून उठले. आमच्या भागात हे फार थोड्यांना माहीत आहे, म्हणून सांगते. 1873 मध्ये ह्यूम या ब्रिटिश पक्षीतज्ज्ञानं या पक्ष्याचं वर्णन केलं. नंतर 1880 च्या दशकात जेम्स डेव्हिडसन या ब्रिटिश अधिकाऱ्यानं खान्देशातून त्याचे नमुने गोळा केले. 1884 नंतर खात्रीचा नमुना नाही. नोव्हेंबर 1997 मध्ये पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट या पक्षीअभ्यासकांना तो पुन्हा दिसला, तोही शहाद्याजवळ. तेव्हा नंदुरबार जिल्हा झालेला नव्हता, शहादा धुळे जिल्ह्यात होतं. जगभर बातमी गेली. आणि आमच्या समासातली तारीख त्याआधी अडीच वर्षांहून जास्त.

सर ताबडतोब सुरू झाले. विज्ञानाच्या माणसानं शंका घ्यायचीच असते. डोकं कोरं असतं हे पुस्तकातच छापलंय, वाचून कुणीही लिहील. साधा पिंगळाही दिवसा दिसतो. तारीख मागाहून टाकली असेल.

तारखेचं उत्तर पुस्तकातच होतं. मागच्या तारीखपत्रकावर 13 फेब्रुवारी 95 चा परतीचा शिक्का आणि शेजारी माझ्या आधीच्या ग्रंथपालांच्या लाल शाईत: ‘पृष्ठ खराब केले. दंड रु. 5 वसूल. स. क्र. 214.’ म्हणजे लिहिणाऱ्यानं लिहिलं, पुस्तक परत केलं आणि लिहिल्याबद्दल पैसे भरले. नियमानं ते बरोबरच आहे. पेनानं लिहिणाऱ्याला मीही दंड करते.

राहिली शेपटी. मी ते पान आणि घुबडांचं सगळं प्रकरण सरांसमोर मोठ्यानं वाचलं. शेपटीचा उल्लेख कुठेही नाही. रानपिंगळा शेपटी अशी बाजूंना झटकतो हे अभ्यासकांनी पक्षी पुन्हा सापडल्यानंतर पाहून लिहिलं. 95 साली कुठल्या पुस्तकातून ते उतरवणार?

सर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “तरी ही नोंद होत नाही, ताई. नमुना पाहिजे, फोटो पाहिजे. एका माणसाच्या म्हणण्यावर विज्ञान चालत नाही.”

सर चूक बोलत नव्हते, आणि तेच मला तेव्हापासून टोचतंय. कारण छापलेल्या 1914 ला नमुना होता. त्याला चिठ्ठी होती, संग्रहालय होतं, मोठ्या माणसाचं नाव होतं. कर्नल माइनर्टझागेन या ब्रिटिश पक्षीसंग्राहकानं तो आपण मांडवीला मिळवल्याचा दावा केला होता आणि सगळे ग्रंथ तो पिढ्यान्‌पिढ्या उतरवत आले. रासमुसेन आणि पक्षीतज्ज्ञ कॉलर यांनी तपासल्यावर उघड झालं की तो डेव्हिडसनचाच जुना नमुना होता, संग्रहालयातून चोरून चिठ्ठी बदललेला. म्हणजे आमच्या पुस्तकात पुराव्यासकट छापलेलं वाक्य बनावट होतं, आणि ज्याला ‘चूक’ लिहिल्याबद्दल दंड भरावा लागला त्याच्याकडे पुरावा नव्हता. सरांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, “ते चोरीचं प्रकरण तरी पुराव्यानंच सापडलं ना?” यावर मला अजून उत्तर सुचलेलं नाही.

एवढ्यात तो धडगावचा मुलगा पुस्तकावर वाकला. “मॅडम, हा आमच्याकडे दिसतो. पण चित्र चुकीचं आहे. याचे पाय असे काड्यांसारखे नसतात. बोटांपर्यंत पांढरी पिसं असतात.” नानांनी विचारलं, मग कधी कुणाला सांगितलं नाहीस? तो म्हणाला, काय सांगणार, घराजवळ ओरडला की लोक अशुभ मानतात, पोरं दगड मारतात. चित्रकारानं बहुतेक साध्या पिंगळ्यावरून चित्र काढलं असावं. रानपिंगळ्याचे पाय त्या मुलानं सांगितले तसेच असतात, पुस्तक वाचायची त्याला गरज पडली नाही. इतके दिवस तो आमच्या पंख्याखाली सामान्यज्ञानाचे प्रश्न पाठ करत बसला होता, आणि या विषयावर आमच्यापैकी कुणीही त्याला काही विचारलं नव्हतं.

सभासद 214 कोण, ते मी शोधलं. त्या काळचं सभासद रजिस्टर वाळवीनं खाल्लेलं आहे. रोजकीर्द शाबूत आहे, कारण पैशाचे कागद आबांच्या आधीपासून लोखंडी कपाटात असतात. तिच्यात त्या दिवशी ‘स. क्र. 214, दंड, 5.00’ एवढीच ओळ. जुन्या सभासदांना विचारलं. एकानं रेंजरसाहेब असतील असं सांगितलं, एकानं आश्रमशाळेतल्या एका गुरुजींचं नाव घेतलं, तिसऱ्यानं तर तो मीच म्हणून सांगितलं, पण त्यांचं अक्षर जुळत नाही. तो खरंच रानपिंगळा होता की चांगल्या निरीक्षकाची चुकलेली ओळख, हेही मी ठामपणे सांगू शकत नाही. शेपटी मात्र डोक्यातून जात नाही.

पुस्तक मी यादीतून काढलं. बेरीज बदलली म्हणून आबांनी यादी पुन्हा टाइप करायला लावली. ‘कालबाह्य नाही’ असा शेरा सरांनी स्वतः लिहिला, ‘जीर्ण’ तेवढं राहू दिलं. पुस्तकाला मी आता मागे अभिप्रायाचा कागद लावलाय. त्यावर पहिली ओळ धडगावच्या मुलाची आहे, पायांबद्दलची. पुस्तक घरी नेण्यासाठी त्यानं अनामत भरली, तेव्हा कपाटाकडे वळणारं अभ्यासिकेतलं एक पोर मला मिळालं.

गेल्या बैठकीत मी आबांना विचारलं, 214 चा माणूस सापडला तर त्याचे पाच रुपये परत देता येतील का? आबांनी हसण्यावारी नेलं नाही. दंड जमेत धरलेला आहे, त्या वर्षाचं लेखापरीक्षण झालेलं आहे, परतावा कुठल्या खात्यात दाखवायचा? मी म्हटलं, किरकोळ खर्चात टाका. आबा म्हणाले, “किरकोळलाही पावती लागते, ताई. आधी सही करणारा आणा.”