आधी साताऱ्यातलं चित्रप्रदर्शन, मग औंध

सकाळच्या एसटीने कराडहून सातारा, तिथे स्थानिक चित्रकारांचं प्रदर्शन, आणि दुपारी मित्राची गाडी घेऊन औंधचं संग्रहालय असा बेत होता. बरोबर बहीण आणि इंटरमिजिएट ड्रॉइंगच्या परीक्षेला बसणारा तिचा मुलगा. दोन्ही एका दिवसात होतं, पण प्रदर्शनाला तासभर बास असं धरून जाऊ नका.

प्रदर्शन पालिकेच्या इमारतीतल्या हॉलमध्ये होतं. खाली घरपट्टी आणि दाखल्यांची रांग, जिना चढला की चित्रं. असे हॉल मुळात सभा-समारंभांसाठी असतात, त्यामुळे फ्रेमच्या काचेवर ट्यूबलाइट चमकते आणि चित्राच्या आधी आपलंच तोंड दिसतं. जरा बाजूला सरकून तिरकं बघा. शनिवार-रविवारी जाणार असाल तर ऑफिसं बंद असतात, तेव्हा कुठला जिना उघडा असतो ते आधी विचारून ठेवा. तारखांसाठी स्थानिक पेपरातलं ‘आजचे कार्यक्रम’ हे सदर अजूनही सगळ्यात खात्रीचं. शेवटच्या दिवशी दुपारनंतर तर जाऊच नका, निम्मी चित्रं भिंतीवरून उतरलेली असतात.

विषय अपेक्षेप्रमाणेच. वाईचा ढोल्या गणपती, संगम माहुली, कासची फुलं, आणि मेणवली. मेणवलीच मेणवली! नाना फडणवीसांच्या वाड्यामागचा तो घाट देखणा आहे यात वाद नाही, पण पायऱ्या, देऊळ आणि पाण्यातलं प्रतिबिंब हा साचा इतका पक्का झालाय की चित्रकारांनी दोन-चार वर्षं तिकडे फिरकूच नये असं मला मनापासून वाटतं.

मी अडकलो ते भलत्याच चित्रापाशी. पावसातला साताऱ्याचा पोवई नाका, जलरंगात. ओला रस्ता दाखवायला चित्रकाराने रस्ता जवळजवळ रंगवलाच नव्हता. कागद कोरा सोडलेला, कडेने करड्या रंगाचा पातळ हात, आणि रिक्षाच्या मागच्या दिव्याचा लाल फराटा वरून खाली एका दमात ओढलेला, खाली येता येता विरत गेलेला. चित्रकार शेजारीच खुर्चीवर बसले होते, एका शाळेत ड्रॉइंग टीचर. भाच्याने विचारलं, “सर, पांढरा कुठला वापरलात?” ते म्हणाले, “नाहीच वापरला. पांढरा म्हणजे कागद. तेवढी जागा आधीच राखून ठेवायची, नंतर मिळत नाही.” मग त्यांनी पिशवीतून चिठोरा काढून त्याला ते करूनच दाखवलं. क्लासची फी भरूनही इतक्या निवांतपणे कोणी सांगत नाही. चित्रकार पाळीपाळीने हॉलवर बसतात. ज्यांचं चित्र आवडलं ते कधी भेटतील हे टेबलावर विचारा. आणि फोटो काढायचा तर त्यांना विचारूनच.

विकत घ्यायचं असेल तर टेबलावर किमतींचा कागद असतो. चित्राखाली लाल टिकली म्हणजे ते गेलं. किमतीवर घासाघीस करू नका, त्यापेक्षा फ्रेमशिवाय मिळेल का ते विचारा, आम्हाला मिळालं. जलरंगाचा जाड, ३०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) कागद गुंडाळायचा नाही, दोन पुठ्ठ्यांमध्ये सपाट ठेवून न्यायचा. घरी फ्रेम करताना माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, घालायला सांगा, म्हणजे काच कागदाला टेकत नाही. आपल्याकडच्या पावसात टेकलेला कागद काचेला चिकटतो, नाहीतर बुरशी धरतो. उन्हाची भिंतही टाळा.

निघताना ‘औंध’ एवढंच टाकलंत तर मॅप तुम्हाला पुण्यातल्या औंधला नेईल. ‘खटाव तालुका’ हे शब्द जोडा. रस्ता रहिमतपूरवरून. रेल्वेने येणाऱ्यांनाही पुणे–मिरज मार्गावरचं रहिमतपूर स्टेशन सोयीचं.

श्री भवानी संग्रहालय यमाईच्या डोंगरावर, चढाच्या मध्यावर आहे. १९३८ साली ते बांधलं औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी. लोकांना भवानराव सूर्यनमस्काराच्या प्रसारामुळे ठाऊक. पण ते स्वतः चित्रकार होते आणि १९१६ साली त्यांची रामायणावरची चित्रं पुस्तकरूपाने छापली गेली. सकाळी पोवई नाक्याचं चित्र कोण घेईल याची काळजी त्या सरांच्या चेहऱ्यावर दिसत होती. इथे गिऱ्हाईक एकच, पण केवढं! राजा रविवर्मा आणि धुरंधर या चित्रकारांची चित्रं, पहाडी लघुचित्रं, आणि हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचं आई-मुलाचं दगडी शिल्पसुद्धा. खटावसारख्या दुष्काळी तालुक्यात हेन्री मूर आहे हे भाच्याला खरंच वाटेना. ते शिल्प आकाराने लहान आहे, नुसतं चालत गेलात तर नजरेतून सुटेल. त्याच इमारतीत स्थानिक पाथरवटाच्या हातची षड्ऋतूंची शिल्पं आहेत. रविवर्मा बघून लोक पुढे सरकतात, पण माझ्या मते थांबण्यासारखी जागा ही.

युरोपातल्या जुन्या चित्रांच्या नकलाही बऱ्याच आहेत. त्या भरभर बघितल्या तरी चालतील.

सोमवारी संग्रहालय बंद असतं. दोन तास हाताशी ठेवा आणि कॅमेऱ्याचं तिकीटखिडकीवर विचारून घ्या. यमाईचं दर्शन नंतर, ऊन उतरल्यावर. वर चढून दमलेला माणूस चित्रं नीट बघत नाही. एसटीने आलात तर स्टँडवर उतरल्या उतरल्या परतीच्या गाडीची वेळ विचारा. गाडी असेल आणि कराडकडे जायचं असेल तर सातारा कशाला, पुसेसावळीमार्गे सरळ निघा.