अबोलीचा वळेसर आणि एक स्पष्ट उत्तर

गोव्यात फोंड्यातील एका महाविद्यालयात मी मराठी शिकवते. गेल्या वर्षी पारंपरिक वेशभूषा दिनाच्या सकाळी तृतीय वर्षाच्या एका मुलाने वर्गातील मुलीसमोर अबोलीचा वळेसर, म्हणजे गजरा, धरला आणि म्हटले, ‘‘आमच्या परसातला आहे, तुझ्यासाठी आणला.’’ ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, ‘‘फुलं सुंदर आहेत रे, पण मी माळली तर तुला वेगळं काही वाटेल, आणि तसं माझ्या मनात नाही. म्हणून नको.’’ तो ‘‘बरं’’ म्हणाला आणि वळेसर सरस्वतीच्या तसबिरीला घालून आला.

मला दोघांचेही मनापासून कौतुक वाटले, कारण इतके सरळ विचारणे आणि इतके सरळ सांगणे क्वचितच पाहायला मिळते. एरवी जवळ असलेल्याच नोट्स पुन्हा मागणे, कदंब महामंडळाच्या बसमध्ये दप्तर ठेवून जागा धरणे, कॅन्टीनमध्ये तिच्या भाजी-पावाचे पैसे आधीच देऊन टाकणे किंवा रात्री स्टोरीवर बदाम पाठवणे, अशा आडवाटांनीच सारे चालते. या आडवाटांचा उपयोग मला समजतो. नकार आलाच तर ‘मी सहजच केले’ असे म्हणून दोघांनाही दुसऱ्या दिवशी त्याच बाकावर बसता येते.

मात्र आडून बोललेले समोरच्याला कळतेच असे नाही. कॅन्सस विद्यापीठातील जेफ्री हॉल यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अनोळखी तरुण-तरुणींना एकमेकांशी बोलायला बसवले होते. समोरची व्यक्ती लाडीगोडी (फ्लर्टिंग) करत नसेल, तर ते ऐंशी टक्क्यांहून अधिक जणांनी बरोबर ओळखले. पण ती खरोखर करत असताना ते सुमारे ३६ टक्के पुरुषांच्या आणि अवघ्या १८ टक्के स्त्रियांच्या लक्षात आले. त्याआधी १९८२ मध्ये अँटोनिया ॲबी यांनी विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगात मुलीच्या साध्या मनमोकळेपणातही पुरुषांना स्त्रियांपेक्षा अधिक लैंगिक अर्थ दिसला होता. आपल्याकडे ‘हसली की फसली’ म्हणतात, ती हीच चूक. ‘पटवणे’ हा शब्दही मला खटकतो, कारण त्यात समोरच्याचा नकार हे उत्तर नसून पार करायचा अडथळा ठरतो.

मुली मात्र हसतातच, आणि का हसतात हे मला ठाऊक आहे. आपला गोवा लहान आहे. बसमध्ये कोणीतरी ‘कोणाली चली गो तूं?’ (कोणाची मुलगी गं तू?) असे विचारणारे भेटतेच, आणि चारचौघांत नाही म्हटल्याची गोष्ट संध्याकाळपर्यंत वाड्यावर पोहोचते. माझ्या विद्यार्थिदशेत एक मुलगा रोज माझ्या बसथांब्यावर येऊन उभा राहत असे. मी मान खाली घालून हसत असे, कारण रागावण्याची भीती वाटे आणि घरी कळण्याची त्याहून अधिक. वर्षभर तो माझ्या हसण्याला होकार समजत राहिला, आणि मी तो थांबा टाळण्यासाठी पाऊण तास चालत राहिले.

म्हणून वर्षाच्या प्रारंभी मी मुलांना दोन गोष्टी वाचून दाखवते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ नुसार, स्त्रीने स्पष्टपणे अनिच्छा दाखवल्यानंतरही पुरुषाने तिचा पाठलाग करून पुन्हा पुन्हा तिच्याशी संपर्क साधणे किंवा साधू पाहणे हा गुन्हा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या नियमांप्रमाणे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी प्रत्येक महाविद्यालयात अंतर्गत समिती असावी लागते, आणि प्रकरण विद्यार्थ्यांचे असल्यास तिच्यावर विद्यार्थी प्रतिनिधीही असतात. त्यानंतर मी मुलींकडून ‘नको’ हा एकच शब्द, न हसता, मोठ्याने म्हणवून घेते. पहिल्या खेपेला बहुतेकींचा आवाज बाकाच्या पलीकडेही जात नाही. तिसऱ्या खेपेला तो व्हरांड्यात ऐकू येतो.