साथ छान केलीत हं

रविवार, रात्री साडेअकरा.

काल कार्यक्रम संपल्यावर पांढऱ्या झब्ब्यातले एक काका पुढे आले आणि म्हणाले, "साथ छान केलीत हं तुम्ही." मनापासून म्हणाले, हात जोडून म्हणाले. मीही हात जोडले आणि पियानोचं झाकण लावायला वळले. तेव्हापासून चपलेत खडा अडकावा तसं ते वाक्य टोचतंय. घरी आलो, खिचडी टाकली, झोपलो, उठलो, तरी आहेच.

काकांचं काय चुकलं? आपण लहानपणापासून हेच बघत आलो. मधे गाणारा किंवा वाजवणारा, बाजूला पेटी, बाजूला तबला. ज्याचं पुढे ऐकू येतं तो कलाकार, बाकीचे साथीला. आणि काल पुढे ऐकू येत होता तो हा, माझा नवरा. वरच्या पट्ट्या ह्याच्याकडे, गाण्याची चाल ह्याच्याकडे, लकेरी ह्याच्याकडे. मी डावीकडे, खर्जात. 88 पट्ट्या म्हणजे जेमतेम चार फूट जागा, तीत आम्ही दोघं. पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेला तळातला सूर, दुसऱ्या आणि चौथ्याला मधला कॉर्ड, म्हणजे एकदम दाबलेले तीन-चार सूर, की परत तळाला. स्ट्राइड, म्हणजे जॅझ पियानोची एक जुनी शैली, वाजवणाऱ्याचा डावा हात रात्रभर अशी उडी मारत असतो. शेवटच्या गाण्यापर्यंत माझ्या मनगटापासून कोपरापर्यंत दगड झालेला असतो. आणि त्याचं नाव काय, तर साथ.

रात्री झोप लागेना म्हणून मोजलं. अकरा गाणी. त्यांत माझे सोलो दोन. एक पूर्ण 32 बारांचा (बार म्हणजे चार मात्रांचा एक तुकडा), दुसऱ्यात हा मधेच शिरला. शिरला तेव्हा छानच वाटलं होतं, लोकांनी टाळ्याही दिल्या. आता मात्र त्याच टाळ्या आठवून रडू येत होतं.

पूर्वी असं नव्हतं. गाण्याच्या मध्यावर आम्ही जागा बदलायचो. हा उठून माझ्या पाठीमागून डावीकडे यायचा, मी बाकावरून उजवीकडे सरकायचे, आणि एक मात्रा पडायची नाही. हे बंद कधी झालं ते आठवत बसले. सातवा महिना होता. पोट घेऊन सरकता येईना. "तू आपली खालीच बस, खर्जात, आरामात," हा म्हणाला होता. लेक आता सहा वर्षांची आहे. मी खालीच आहे. कुणी ठरवलं नाही, कुणी भांडलं नाही. आईंचं तेव्हाचं बोलणं आज नको.

दुपारी बिल चार्लॅप आणि रेनी रॉसनेस या जॅझ पियानोवादक नवरा-बायकोचा 'डबल पोर्ट्रेट' लावला. त्यांचं लग्न 2007 चं, अल्बम 2010 चा. दोन पियानो, दोन बाकं, ज्याचं त्याचं पेडल. चाल कुणाकडे आहे आणि कॉर्ड कोण पुरवतंय, हे इतकं अलगद बदलत राहतं की नवरा कुठला आणि बायको कुठली ते मला अजून सांगता येत नाही. तिथे कुणी काका साथ छान केलीत म्हणणार नाहीत. पण त्यांच्याकडे दोन पियानो आहेत, असं मनात आलं न आलं तोच स्टेफनी ट्रिक आणि पाओलो अल्देरिगी हे दुसरं पियानोवादक जोडपं आठवलं. ती सेंट लुईसची, तो मिलानचा, स्वित्झर्लंडमधल्या एका पियानो महोत्सवात भेटले. चार हात, एकच पियानो, आमच्यासारखेच खेटून बसलेले. म्हणजे पियानोला बोल लावून सुटका नाही.

मग संध्याकाळी कालचं रेकॉर्डिंग ऐकलं. फोनवरचं, खोकल्यांसकट. त्या संथ गाण्याच्या शेवटी हा वरचा एक सूर वाजवतो आणि बोट उचलतो. बोट उचललेलं मला पक्कं आठवतंय, कारण त्याने तोच हात मांडीवर ठेवला होता. तरी सूर आहे. राहतोय, राहतोय, हॉलभर राहतोय. मग हळूच विझतो. कारण पेडलवर माझा पाय होता, आणि ते दाबलेलं असलं की बोट उचललं तरी सूर विझत नाही. चार हातांत पेडल सहसा खर्जातल्या माणसाकडे असतं, कॉर्ड तिथे बदलतो म्हणून. म्हणजे काल रात्रभर ह्याचा प्रत्येक सूर कुठे संपायचा ते माझ्या पायाने ठरवलं. हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण ऐकलं आज पहिल्यांदा. तीनदा मागे नेऊन ऐकलं. काकांना पाय कुठून दिसणार?

"आज मी वर बसते," मी म्हटलं. हा एवढंच म्हणाला, "बस की."

आठव्या बारालाच सगळा राडा. ह्याचा पाय उशिरा उचलला जात होता आणि रांगोळीवरून पदर फिरावा तसे माझे सूर फरफटत होते. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा मी पायानेच ह्याचा पाय बाजूला सारला. हा थांबला, डावं मनगट झटकलं. "रोज असं दुखतं तुझं?" मी उत्तर दिलं नाही. काकांचं वाक्य मात्र सांगितलं. हा बराच वेळ गप्प. मग खाली वाकून पियानोची खालची फळी काढली आणि आतला दिवा चालू आहे ना बघितलं. पावसाळ्यात तो विझला की दमटपणाने पट्ट्या अडकतात. दिवा चालू होता. तरी हा खूप वेळ तिथेच बसून राहिला.

शनिवारी परत कार्यक्रम आहे, आठ गाणी. आत्ता पाणी प्यायला उठले तर यादी पियानोवर पडली होती. दोन गाण्यांपुढे पेन्सिलीने अर्धगोल बाण, जागा बदलायची आमची जुनी खूण. मी तिसऱ्यापुढे एक काढला. संथ गाण्यापुढे नाही काढला. तिथे पेडल मलाच हवंय.