नागपूरहून मालवणला: ओहोटीच्या पट्ट्यातील जीव पाहण्यासाठी जागा निवडताना

मागल्या वर्षी आम्ही प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना घेऊन नागपूरहून मालवणला गेलो, तेव्हा सहलीच्या तारखा परीक्षेचे वेळापत्रक पाहून ठरवल्या होत्या. आम्ही खडकांवर पोहोचलो तो अष्टमीचा दिवस होता. ओहोटी दुपारी बाराच्या सुमारास होती, उजेड भरपूर होता, पण पाणी जेमतेम काही फूट मागे सरले आणि ज्या खडकांसाठी आम्ही एवढा प्रवास केला होता ते पाण्याखालीच राहिले. कालवे (खडकांना चिकटलेले शिंपले) काढायला आलेल्या एका काकींनी आमच्याकडे पाहून सांगितले, “भांगाच्या पाण्याक काय गावाचा नाय, उधाणाक येवा.” म्हणजे भांगाच्या पाण्याला काही मिळायचे नाही, उधाणाला या. यंदाची सहल आम्ही त्या वाक्यावरून आखली.

अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास समुद्राला उधाण असते, म्हणजे भरती जास्त चढते आणि ओहोटीही जास्त खोल जाते. अष्टमीच्या आसपास भांग असतो आणि दोन्हींतले अंतर कमी होते. कोकणात भरतीची वेळ काढण्याचा जुना हिशेब असा, की तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीचा अंदाजे तास मिळतो. पौर्णिमेनंतर मोजणी पुन्हा एकपासून सुरू करायची. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी येते. पौर्णिमेला हा हिशेब केल्यास पहाटेची ओहोटी सव्वापाचच्या आसपास, म्हणजे अंधारात येते. द्वितीयेला ती पावणेआठच्या सुमारास आणि तृतीयेला साडेआठच्या सुमारास येते, आणि तोवर उधाणाचा जोर पुरता ओसरलेला नसतो. म्हणून माझ्या मते द्वितीया ते चतुर्थी हे तीन दिवस आमच्यासारख्या दुरून येणाऱ्यांसाठी सर्वांत सोयीचे आहेत. हिशेबात अर्धाएक तासाचा फरक पडू शकतो, तेव्हा त्या बंदराचा छापील भरती-ओहोटी तक्ता अवश्य ताडून पाहावा. पावसाळ्यात मात्र खडकांवर जाण्याचा विचारही करू नये.

तिथी ठरल्यावरच जागेचा विचार करावा. पाटी मोठी आहे किंवा छायाचित्रे सुंदर आहेत म्हणून किनारा निवडू नये. खडक समुद्राकडे हळूहळू उतरत गेलेला असावा, कारण उभ्या कड्यावर उंचीनुसार बदलणाऱ्या जिवांचे सगळे पट्टे दोनचार हातांत संपतात आणि मुलांना उभे राहायला जागा उरत नाही. त्यात भेगा आणि ओहोटीतही पाणी धरून ठेवणारी डबकी असावीत, आणि लाटांचा थेट मारा बाहेरच्या खडकांवर अडलेला असावा. परतीची वाट कोरडी आणि दिसणारी असणे ही अट मी सर्वांत वर ठेवीन. मागे खाच असेल तर भरतीचे पाणी समोरून येण्याआधी त्या खाचेतून आत शिरते आणि बाहेर पडण्याचा रस्ता तुटतो.

या कसोट्या लावून आम्ही मालवणच्या रॉक गार्डनचा खडक निवडला आणि ओहोटीच्या दीड तास आधी तेथे पोहोचलो. सर्वांत वरच्या, केवळ तुषारांनी भिजणाऱ्या भागात भेगांमध्ये बारीक गोगलगायी दाटीने बसल्या होत्या, त्याखाली बार्नेकल (खडकाला कायमचे चिकटलेले छोटे कवचधारी प्राणी) आणि कालवे, आणि आणखी खाली शेवाळ व समुद्रफुले, म्हणजे फुलासारखे दिसणारे प्राणी. पाणी जसजसे उतरत गेले तसतसा एकेक पट्टा आमच्या डोळ्यांसमोर उघडा होत गेला. कोरड्या पडलेल्या बार्नेकलवर एका विद्यार्थिनीने डबीच्या झाकणाने समुद्राचे पाणी घातले आणि भिंग धरून ती वाट पाहत बसली. काही मिनिटांनी टोकाशी मिटलेली कवचे किंचित फाकली, आतून पिसासारखे पाय बाहेर आले आणि मूठ उघडावी-मिटावी तसे पाणी विंचरू लागले. “सर, हे जिवंत आहेत!” हे तिचे शब्द ऐकून बाकीचे धावत आले. आमच्या प्रयोगशाळेतील फॉर्मालिनच्या बाटल्यांमधून हे कधीही दिसले नसते.

दोऱ्याची अर्ध्या मीटरची चौकट टाकून तिच्यातल्या जिवांची मोजणी कशी करायची, याचा सराव आम्ही निघण्यापूर्वी अंबाझरी तलावाच्या काठावर करून घेतला होता. त्यामुळे ओहोटीचा मोलाचा वेळ शिकवण्यात गेला नाही. चपला घालून कोणालाही खडकावर उतरू देऊ नये. कालवांच्या कडा पात्यासारख्या कापतात आणि हिरव्या शेवाळावर पाय टिकत नाही. शंकूच्या आकाराचे जिवंत शंख विषारी दंश करू शकतात, म्हणून ते उचलू नयेत, आणि न दिसणाऱ्या भेगेत हात घालू नये. उलटलेला दगड होता तसाच पुन्हा ठेवावा, कारण त्याच्या खालचे जीव उन्हात तग धरत नाहीत. एका शिक्षकाने निरीक्षणात न गुंतता फक्त पाणी आणि घड्याळ पाहावे. पाणी फिरल्यावर आम्ही अर्ध्या तासात खडक सोडला.

पहिले दोन दिवस खडकांना दिल्यावर तिसऱ्या दिवशी चिवला किनाऱ्याची वाळू आणि कोळंबच्या खाडीचा चिखल पाहिला. वाळूवर लहान खेकड्यांनी टाकलेल्या गोळ्यांची नक्षी होती आणि कांदळवनाच्या कडेला निवट्या, म्हणजे चिखलात राहणारे छोटे मासे, चिखलावर उड्या मारत होत्या. एकाच मुक्कामावरून तीन प्रकारचे किनारे दिसतात, यासाठी नागपूरकरांना मी मालवणच सुचवीन.

कुडाळ स्थानकावरून मालवण सुमारे 30 किलोमीटर आहे. नागपूर-मडगाव विशेष गाडीचे दिवस आणि थांबे आरक्षणापूर्वी तपासून घ्यावेत. मालवणच्या समुद्राचा सुमारे 29 चौरस किलोमीटरचा भाग 1987 पासून सागरी अभयारण्य आहे, त्यामुळे तारखा ठरताच वन विभागाला पत्र लिहून परवानगीबाबत विचारणा करावी. प्रवाळ, समुद्री घोडे आणि समुद्रकाकडी यांना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. आम्ही नमुने गोळा न करता पांढऱ्या ट्रेमध्ये पाहून, छायाचित्र घेऊन प्रत्येक जीव त्याच डबक्यात परत सोडला, आणि वहीत डबक्याच्या क्रमांकासोबत तिथी व वेळही लिहून ठेवली, म्हणजे पुढच्या तुकडीला तेच डबके त्याच पाण्याला पाहता येईल.