विष्णुक्रांता रुजवताना

गणपतीच्या एकवीस पत्रींत विष्णुक्रांता असते. मंडईतल्या जुडीत ती असतेच असं नाही. एकदा आमच्या जुडीत चक्क काँग्रेस गवत निघालं. सासूबाई म्हणाल्या, "एवढीशी तर ती, दारात लावायला काय होतंय?" दारात म्हणजे फाटकालगतची दोन फुटी पट्टी. उन्हाळ्यात आम्ही टँकरवर असतो, त्यामुळे तिथली लॉन केव्हाच जळून गेली होती. म्हटलं, लावू.

नर्सरीत नाव सांगितल्यावर निळ्या फुलांची कुंडी हातात मिळाली. दिसायला छान, फूल रुपयाएवढं. माळावरच्या विष्णुक्रांतेचं फूल मात्र शर्टाच्या बटणाहूनही लहान असतं. मी आणलेली ती दक्षिण अमेरिकेतली बहीण निघाली. तिला पाणी हवं, ते आमच्याकडे नाही.

मग शेजारच्या रिकाम्या प्लॉटवरून खुरप्यानं एक रोप उकरलं. वर टीचभर पसरलेल्या काड्या, खाली मूळ मात्र मुरमात सरळ घुसलेलं. ते तुटलंच. रोप चौथ्या दिवशी वाळलं.

पावसाळ्यानंतर त्याच प्लॉटवरून बिया गोळा केल्या. वाळलेली बोंडं खाली मान घालून लोंबतात, एकेकात चार-चार बारीक बिया. जूनमध्ये अर्ध्या तशाच पेरल्या. काही नाही. महिनाभर मी रिकाम्या ट्रेवर झारी फिरवत होते. ही गारवेलीच्या कुळातली, आणि त्या कुळात बियांचं कवच कठीण, हे उशिरा डोक्यात आलं. उरलेल्या बिया पॉलिश पेपरवर हलक्या घासल्या, रात्रभर कोमट पाण्यात ठेवल्या. आठवड्यात हिरवे ठिपके दिसले!

लाडानं मी शेणखत आणि कोकोपीट भरपूर घातलं होतं. रोपं लांबुळकी झाली, माना टाकल्या, निम्मी बुडाशी कुजली. उरलेल्यांना दोन भाग मुरूम, एक भाग माती दिली, खत अजिबात नाही. पानं लगेच आखूड झाली, त्यांच्यावरची रुपेरी लव दिसायला लागली. ही कुठं चढत नाही, जमिनीला धरून पसरते. तिच्या शास्त्रीय नावातल्या 'इव्हॉल्व्ह्युलस'चा अर्थही उलगडलेली, म्हणजे वेटोळं न घालणारी, असाच आहे. त्यामुळे आधार नको, छाटणी नको.

संकट आलं ते माणसाकडून. ऑगस्टमध्ये माळीकाका येऊन गेले आणि फाटकातूनच अभिमानानं म्हणाले, "ताई, गवत सगळं काढलं बघा." सात रोपं उरली. त्यांच्याभोवती मी विटांचे तुकडे मांडले.

फुलं आली तीही मला दिसेनात. सकाळी उमलतात, दुपारी मिटतात, आणि मी ऑफिसातून येते सातला. रविवारी नऊ वाजता चहा घेऊन उकिडवी बसले तेव्हा निळा रंग नीट पाहिला. निळ्यात मध्यभागी पांढरा ठिपका. गॅलरीतून बघाल तर काहीच दिसणार नाही, हे आधीच सांगते. बाग पाहुण्यांना दाखवायची असेल तर झेंडू लावा.

मेमध्ये सगळं वाळून काड्या झाल्या. मी उपटायलाच निघाले होते, पण सासूबाईंनी अडवलं. वळवाचा पाऊस पडला आणि सातांपैकी पाच बुडख्यांतून फुटल्या, शिवाय शहाबादी फरशीच्या फटीत तीन नवी रोपं आली. तिथं कुणी बियाही टाकल्या नव्हत्या आणि मुरूमही.

यंदा चतुर्थीला घरची पत्री वाहिली. पान जेमतेम नखाएवढं. केवड्याच्या पात्याखाली गेलं आणि दिसेना. सासूबाईंनी चष्मा लावून ते शोधलं, पुन्हा वर ठेवलं, मगच पुढचं नाव घेतलं.