झायरीका, बैठक तिसरी: चार प्लेअर, चार दिशांना तोंडं

मागच्या दोन बैठका फसल्या, म्हणून या रविवारी वही-पेन घेऊनच बसलो. नव्याने आलेल्यांसाठी: फ्लेमिंग लिप्स या अमेरिकन रॉक बँडचा ‘झायरीका’ (१९९७) हा अल्बम चार सीडींचा आहे, पण त्या एकामागून एक लावायच्या नाहीत. गाणी आठच. प्रत्येक गाणं चार सीडींवर वाटून टाकलंय. चार प्लेअर एकदम वाजले तर ते पुरं होतं. एकच सीडी लावली तर पानात नुसती डावी बाजू वाढल्यासारखं वाटतं.

माझी जुळणी अशी: एकवर जुना डेक, दोनवर टीव्हीखालचा डीव्हीडी प्लेअर, तीनवर लॅपटॉप, चारवर जुन्या बाजारातला पोर्टेबल. खोलीच्या मधोमध मोबाइल ठेवून रेकॉर्ड केलं. गाणं सुरू होताना प्रत्येक सीडीवर आवाजात क्रमांक सांगितलाय, त्यावरून कोण किती मागे ते मोजता येतं. डीव्हीडी प्लेअर तब्बल ०.८ सेकंद मागे! चकती फिरायला लागेपर्यंत बाकीचे पुढे गेलेले. उपाय सोपा निघाला. सगळे आधी सुरू करून शून्यावर पॉज करायचे, मग एकदम सोडायचे. पोर्टेबलचं अँटी-शॉकही (धक्क्याने गाणं अडखळू नये म्हणून आवाज आधीच साठवून ठेवणारी सोय) बंद केलं. फरक ०.१ सेकंदाच्या आसपास आला.

मला वाटायचं, वाजता वाजता प्लेअर आपोआप एकमेकांच्या मागेपुढे सरकत जातात. हिशोब केला. दोन प्लेअरच्या क्रिस्टलमध्ये (आतला वेग राखणारा स्फटिक) दहा लाखांत ५० चा फरक धरला, तर सात मिनिटांच्या गाण्यात जेमतेम २० मिलिसेकंद होतात. सलग ४५ मिनिटं वाजवलं तर मात्र १३५. म्हणून दर गाण्याला पुन्हा पॉज. उरलेला घोळ यंत्रांचा नव्हताच, आमच्या अंगठ्यांचा होता.

अंगठे चार: मी, बायको, भाचा आणि शेजारचे काका, जे तबला वाजवतात. माझं ‘तीन, दोन, एक’ ऐकून काका म्हणाले, “अरे, हे काय रॉकेट सोडतोयस? मात्रा दे, समेवर दाबू.” त्यांनी टाळ्या दिल्या आणि ‘मार्च ऑफ द रॉटन व्हेजिटेबल्स’चे ड्रम पहिल्यांदा खोलीभर फिरले. ‘हाऊ विल वी नो?’ मात्र आवाज कमी करूनच लावलं. त्यातल्या अतितीव्र आणि अतिखर्ज स्वरांबद्दल अल्बमवरच इशारा आहे, गाडी चालवताना ऐकू नका म्हणून. भाच्याचं डोकं तरी दुखलंच.

चारही सीडी संगणकावर तंतोतंत जुळवलेली फाइलही करून ठेवली होती. ऐकली. सगळं जागच्या जागी, आणि बैठक मेलेली. बँडचा गायक वेन कॉइन याने १९९६ मध्ये ओक्लाहोमा सिटीच्या पार्किंगमध्ये तीसेक गाड्यांच्या टेपमध्ये वेगवेगळ्या कॅसेटी लावून एकदम वाजवायला लावल्या होत्या. हा अल्बम त्या प्रयोगांतून आलाय. तिथे मिलिसेकंद कोण मोजत होतं! पिचफोर्क या संगीत-समीक्षेच्या वेबसाइटने याला दहापैकी ०.० गुण दिले होते. त्यांच्याकडे काका नसावेत.

शेवटच्या गाण्यात कुत्री भुंकतात. यावेळी ती चारही कोपऱ्यांतून भुंकली आणि खालून सोसायटीच्या मोत्याने उत्तर दिलं. बायकोने खिडकी लावून घेतली.

पुढच्या खेपेला चार नंबर स्वयंपाकघरात ठेवून बघणार. पण काका महिनाभर मुलीकडे चाललेत. मात्रा धरणारा कोणी जवळपास असेल तर कळवा.