कुलेब्रा: सव्वादोन डॉलरची बोट आणि बाकीचा हिशोब

आधी एक गोष्ट ठणकावून सांगतो. पोर्तो रिकोतल्या कुलेब्रा बेटाची बोट फाहार्दोहून सुटते असं सांगणारी पानं नेटवर अजून पडून आहेत. ती वाचून फाहार्दोला जाल तर नुसता समुद्र बघून परत याल. 2018 पासून धक्का सेइबाला आहे, अमेरिकी नौदलाच्या जुन्या रूझवेल्ट रोड्स तळावर. राजधानी सॅन हुआनहून गाडीने तास-सव्वा तास धरा.

तिकीट सव्वादोन डॉलर. सगळे हेच सांगतात आणि इथेच माणूस फसतो. बोट स्वस्त आहे कारण ती कुलेब्राच्या लोकांची एस.टी. आहे. या बेटाची स्वतंत्र नगरपालिका आहे. 2010 च्या जनगणनेत वस्ती 1,818 होती, 2020 मध्ये 1,792. बेटावर एक छोटं आरोग्यकेंद्र आहे. मोठं दुखणं असो की मोठी खरेदी, समुद्र ओलांडावाच लागतो. म्हणून चढताना रहिवाशांचा नंबर पहिला. ते रास्तच आहे. पण हे कळल्यावर तुमचा दिवस कसा आखायचा ते बदलतं, आणि तेवढंच कोणी लिहीत नाही.

जाताना काही त्रास नाही. रांग, पाऊण तासाचा प्रवास, लाटा असतील तर उलटीची गोळी. खरी परीक्षा परतीची. रविवारी दुपारी बेटावरच्या ड्यूई गावाच्या धक्क्यावर सावली बेताची आणि माणसं बेसुमार. बोट उशिरा आली. का, ते कोणी सांगितलं नाही; विचारलं की खांदे उडवायचे. आमच्या पुढे एक आजी बसल्या होत्या, पायाशी वॉशिंग मशीनचा सुटा ड्रम, दुरुस्तीला न्यायचा. त्या निवांत. त्यांना ठाऊक होतं की आपण चढणार. आमच्याकडे ऑनलाइन काढलेलं तिकीट होतं, तरी आत पाय पडेपर्यंत जिवात जीव नव्हता. सेइबाला उतरलो तर अंधार. टॅक्सीवाल्याने सॅन हुआनचा जो भाव सांगितला तो ऐकून इतकी वर्षं न्यू जर्सीत काढलेल्या माणसाचेही डोळे पांढरे झाले. दिला, करतो काय! तेव्हा भाड्याची गाडी घ्या, सेइबाला लावा आणि परत येऊन तीच चालवा. भाड्याच्या गाड्या बहुधा बोटीवर चढवू देत नाहीत, तो विचार सोडा.

बेटावर धक्क्यावरून फ्लामेंको किनाऱ्यापर्यंत पुब्लिको, म्हणजे वडाप, मिळते. फक्त फ्लामेंको बघायचा असेल तर गोल्फ कार्ट घेणं शुद्ध उधळपट्टी. भाडं चढं, वर परत करताना प्रत्येक ओरखडा बोटाने दाखवतात. घ्यायचीच असेल तर आधी चारी बाजूंनी व्हिडिओ काढून ठेवा.

फ्लामेंको उत्तम आहे, त्यावर पानं भरायची गरज नाही. वाळूत गंजलेले रणगाडे दिसतील, त्यांच्यावर रंगरंगोटी. नौदल 1975 पर्यंत या बेटावर तोफांचा आणि बॉम्बफेकीचा सराव करत होतं. 1971 च्या सुमारास लोकांनी आंदोलन उभारलं आणि शेवटी ते थांबवायला लावलं. मग सराव शेजारच्या व्हिएकेस बेटाच्या माथी गेला, तो 2003 पर्यंत. फोटो काढणाऱ्यांपैकी किती जणांना हे माहीत असतं देव जाणे.

कार्लोस रोसारियोच्या किनाऱ्याला जाणार असाल तर फ्लामेंकोच्या पार्किंगमागून टेकडी चढून पलीकडे उतरायचं. वीसेक मिनिटांची वाट, पण सकाळी अकरानंतर भाजून निघाल. चपला नकोत, बूट घाला, दोन लिटर पाणी घ्या. न फुटलेल्या दारूगोळ्याच्या पाट्या आहेत, त्या शोभेच्या नाहीत: पायवाट सोडू नका, गंजका तुकडा उचलू नका. स्नॉर्कलिंग मात्र अप्रतिम, चढण वसूल होते. रेसाका किनाऱ्याची वाट काटेरी आणि निसरड्या खडकांची, खाली पोहण्याजोगा समुद्र नाही. लहान मुलं असतील तर नाद सोडा.

पाणी जपून वापरा. बेटावर नदी नाही, पिण्याचं पाणी समुद्राखालच्या नळाने येतं.

ईस्टरच्या आठवड्यात आणि लाँग वीकेंडला जाऊच नका. मंगळवार-बुधवार गाठा, निदान एक रात्र राहा, आणि परतीला दुपारची बोट टाळून सकाळची पकडा. एकाच दिवसात जाऊन यायचं असेल तर सरळ सेइबाहून छोटं विमान घ्या. पैसे जास्त जातील, पण धक्क्यावर बसून जे डोकं उठतं ते वाचेल.